जुने गोवे ते पाटो: रोजच्या नऊ किलोमीटरसाठी मोटार की सायकल?

जुनेगोवेकर:

नमस्कार. माझे घर जुन्या गोव्यात गांधी सर्कलपासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि कार्यालय पणजीत, पाटोला. रायबंदरमार्गे अंतर जेमतेम नऊ किलोमीटर भरते. गेली अकरा वर्षे मी मोटारीनेच ये-जा करत आहे. सकाळी बायपासने मेरशीच्या बाजूला उतरलो की पुढची वाहतूक मुंगीच्या पावलाने सरकते, आणि पाटोला पोचल्यावर गाडी उभी करण्यासाठी जी प्रदक्षिणा घालावी लागते तिचा वेळ प्रवासात धरला, तर दारातून दारापर्यंत पस्तीस मिनिटांच्या आत मी क्वचितच पोचतो. नऊ किलोमीटरला पस्तीस मिनिटे हा सायकलचा वेग झाला, हे एके दिवशी सिग्नलपाशी बसल्या बसल्या लक्षात आले आणि तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही.

वय ४३. प्रकृती ठीक आहे, मात्र मागच्या तपासणीत रक्तातील साखर वरच्या कडेला आलेली दिसली आणि चालण्याचा व्यायाम करण्याचा सल्ला मिळाला. त्यासाठी वेगळा तास काढणे मला आजवर जमलेले नाही. जाण्यायेण्यातच व्यायाम उरकला तर बरे, असा सरळ हिशेब आहे.

शंका मात्र पुष्कळ आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने भिजून कार्यालयात बसायचे कसे? जून ते सप्टेंबर हे चार महिने काय करायचे? मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मुलीला शिकवणीहून आणावे लागते, त्या दिवशी मोटारीला पर्याय नाही. शिवाय खर्च खरोखरच किती वाचतो? घरात यावर एकमत नाही. आईचे म्हणणे असे की, तुझ्या आजोबांनी जन्मभर सायकल चालवली ती मोटार नव्हती म्हणून. दारात मोटार असताना सायकल चालवणाऱ्याला लोक काय म्हणतील याचा विचार कर. ज्यांनी हा प्रयोग प्रत्यक्ष केला आहे, मग तो टिकलेला असो वा सोडून दिलेला, त्यांनी कृपया लिहावे.


खाजनकाठचा:

मी सहा वर्षांपासून खोर्लीहून पणजीला सायकलने जातो, म्हणजे आपल्या घरावरूनच जातो असे समजा. आपण अंतर सांगितलेत, पण सायकलवाल्याने पहिल्यांदा रस्ता पाहायचा असतो, किलोमीटर नंतर. गोव्यात सहा किलोमीटरचा असा रस्ता मी दाखवू शकतो ज्यावर मी स्वतः सायकल घालणार नाही. उलट आपला नऊ किलोमीटरचा रस्ता या कामासाठी गोव्यातील चांगल्या रस्त्यांपैकी एक आहे. मात्र बायपास विसरा. रायबंदरचा जुना रस्ताच धरा. तो मांडवीच्या काठाकाठाने जातो, त्यामुळे चढ जवळजवळ नाही, आणि अवजड वाहने बहुतेक करून बायपासने जात असल्याने इथे धोका असतो तो मुख्यतः खासगी बसगाड्यांचा. प्रवासी दिसला की त्या आपल्याला मागे टाकून लगेच डावीकडे घुसतात आणि आपल्या पुढ्यात उभ्या राहतात. बस मागे आली की मी वेग कमी करून तिला पुढे जाऊ देतो आणि ती थांब्यावर उभी असताना तिच्या उजवीकडून घाईने निघण्याचा मोह टाळतो.

रायबंदर सोडल्यावर पाटोपर्यंतचा सुमारे तीन किलोमीटरचा पट्टा म्हणजे पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला पोंत द लिन्हारिश हा बांधावरचा रस्ता. एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन), मिठागरे व कांदळवन. तो बांधला गेला तेव्हा त्यावरून माणसे, पालख्या आणि गाडे जात असत, हे त्याच्या रुंदीवरून आजही कळते. येथे अगदी कडेला चिकटून सायकल चालवू नका. कडेपासून हातभर आत राहिलात तर मागच्या चालकाला आपल्याला ओलांडण्यासाठी विचार करावा लागतो. कडेला दबून गेलात तर तो समोरून वाहन येत असतानाही फटीतून निघू पाहतो.

एक गोष्ट नकाशावर दिसत नाही, ती वाऱ्याची. कोरड्या महिन्यांत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून आत येतो. आपण सकाळी पश्चिमेला जाणार आणि संध्याकाळी पूर्वेला परतणार, म्हणजे दोन्ही वेळा वारा पाठीशी. पणजीत राहून जुन्या गोव्याकडे कामाला येणाऱ्याला हाच वारा दोन्ही वेळा तोंडावर घ्यावा लागतो. जूनपासून मात्र हे गणित बदलते: पावसाळी वारा दिवसभर पश्चिमेचा असतो आणि त्या उघड्या बांधावर सकाळी तो अक्षरशः हाताने ढकलल्यासारखा अडवतो.

घामाबद्दल. आपल्या हवेत अडचण उष्म्यापेक्षा आर्द्रतेची अधिक आहे. सायकल चालू असताना अंगावरून वारा जातो म्हणून घाम कळत नाही. थांबल्यावर पाच मिनिटांनी तो फुटतो. म्हणून पोचल्याबरोबर तोंड धुऊन शर्ट बदलणारा माणूस दहा मिनिटांत पुन्हा भिजतो. मी शेवटचा किलोमीटर अगदी सावकाश चालवतो, पोचल्यावर दहा मिनिटे पंख्याखाली किंवा जिन्यात उभा राहतो आणि मगच ओल्या पंचाने अंग पुसून कपडे बदलतो. पाठीवर पिशवी घेऊ नका. मागच्या कॅरियरला बॅग लावा, निम्मा घाम तिथेच वाचतो. एप्रिल-मे मध्ये साडेसातच्या आत निघालो तरच हे सारे जमते.

पावसाविषयी खोटा धीर देणार नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. भिजण्याचे मला फारसे वाटत नाही, कारण रेनकोटच्या आत घामाने भिजणे आणि बाहेर पावसाने भिजणे यात फरक थोडा. भीती वाटते ती पाण्याखाली झाकलेल्या खड्ड्यांची, रस्त्यावर रंगवलेल्या निसरड्या पट्ट्यांची आणि काच धूसर झालेल्या मोटारींची. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर चाकाचा पहिला एक-दोन वेढा नुसता पाणी पुसण्यात जातो आणि मग पकड येते, हे लक्षात ठेवून आधीपासून ब्रेक लावावा लागतो. मी जुलैत बसने जातो. जूनचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट आकाश पाहून ठरवतो. चवथीनंतर पुन्हा नियमित.

आणि आपल्या मातोश्रींना सांगा की गोव्यात रोज पहाटे सायकलने कामावर जाणारा पोदेर, म्हणजे पाववाला, कोणालाच कमी प्रतीचा वाटत नाही. तो एक दिवस आला नाही तर वाड्यावर चर्चा होते. दुसऱ्या टोकाला, मिरामारला २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ ही पोहणे, सायकल व धावणे यांची स्पर्धा भरू लागली आणि दीड-दोन लाखांच्या सायकली रविवारी सकाळी रस्त्यावर दिसू लागल्या. त्याच सायकलींचे मालक सोमवारी मोटारीत बसून माझ्यामागे हॉर्न वाजवतात. पोदेर आणि खेळाडू यांच्या मधल्या जागेत, घोट्यापाशी क्लिप लावलेली विजार घालून जाणारा साधा नोकरदार अजून लोकांच्या नजरेला सवयीचा झालेला नाही, एवढेच.


जमाखर्च:

वरील प्रतिसाद अनुभवाचा आहे, मी फक्त आकड्यांचे बोलतो, आणि आकडे सायकलप्रेमींना आवडतील असे नाहीत.

आपले जाऊन-येऊन १८ किलोमीटर, महिन्याला २२ दिवस, म्हणजे ३९६ किलोमीटर. गर्दीत मोटार लिटरला १२ किलोमीटर देते असे धरले तर ३३ लिटर पेट्रोल लागते आणि हिशेबासाठी लिटरला ९५ रुपये घेतले तर महिन्याला ३,१३५ रुपये होतात. पण आपण रोज सायकल चालवणार नाही. मुलीचे दोन दिवस वगळता आठवड्याचे तीन, म्हणजे महिन्याचे साधारण १२ दिवस राहतात. त्यात वाचतात १,७१० रुपये. पावसाळ्याचे चार महिने वजा करा. आठ महिन्यांचे झाले १३,६८०. सायकल १८,००० रुपयांची, आणि दिवे, मडगार्ड, कुलूप, हेल्मेट, कॅरियर यांचे आणखी ५,००० धरले, शिवाय वर्षाची देखभाल ३,००० धरली, तर गुंतवणूक वसूल व्हायला दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. वाईट नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण सायकलची तुलना मोटारीशी केलीत, पण गोव्यात नऊ किलोमीटरसाठी सायकलची खरी स्पर्धक मोटार नव्हेच, स्कूटर आहे. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते. तोच हिशेब तिच्याशी केला तर महिन्याला ४५६ रुपये वाचतात, आठ महिन्यांचे ३,६४८, आणि त्यातून देखभाल वजा केली की वर्षाला ६४८ रुपये हाती राहतात. या दराने २३,००० रुपये वसूल व्हायला पस्तीस वर्षे लागतील. तेव्हा आपण ७८ वर्षांचे असाल. स्कूटर वीस मिनिटांत पाटोला पोचते, कोपऱ्यात उभी राहते आणि घामही येत नाही. म्हणून पैसे वाचवण्यासाठी सायकल घेत असाल तर घेऊ नका, कारण तेच काम घरातली जुनी स्कूटर अधिक चोख करेल.

मोटारीच्या खर्चाबद्दलही एक गैरसमज आढळतो. लोक विमा, घसारा आणि हप्ता धरून मोटारीचा दर किलोमीटरचा खर्च काढतात आणि तो सगळा सायकलमुळे वाचला असे समजतात. गाडी अंगणात उभी राहिली तरी विमा भरावाच लागतो आणि तिची किंमत उतरतच राहते. वाचते ते फक्त पेट्रोल आणि थोडी टायरची झीज. घरात दोन मोटारी असतील आणि सायकलमुळे त्यातली एक विकता येत असेल, तर गोष्ट निराळी. तेथे वर्षाला पाच आकडी रक्कम खरोखर सुटते.

राहिला व्यायाम, आणि तेथे मात्र माझा हिशेब आपल्या बाजूने येतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची आहे. ताशी १५ किलोमीटरने १८ किलोमीटरला ७२ मिनिटे लागतात, तीन दिवसांची २१६ झाली. म्हणजे शिफारस पुरी होते आणि त्यासाठी आपल्या दिवसातून वेगळा वेळ जवळजवळ जात नाही, कारण मोटारीलाही आपण तेवढाच वेळ देत आहात. स्कूटर येथे हरते. एक सावधगिरी मात्र सांगतो: एका दिवसाच्या एवढ्या सायकलिंगला सुमारे पाचशे किलोकॅलरी लागतात आणि कार्यालयात पोचल्यावर भाजी-पावाच्या दोन प्लेट व गोड चहा घेतला की त्या सगळ्या परत येतात. हे मी स्वानुभवाने लिहीत आहे.


चढण:

मी हा प्रयोग केला आणि सोडून दिला. असे प्रतिसाद सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून लिहीत आहे.

मी पर्वरीला राहते आणि बांबोळीला रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करते. अंतर आपल्यापेक्षा फार अधिक नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने मी नेटाने सायकल चालवली. सकाळी पर्वरीचा उतार, मग मांडवी ओलांडायची, मग महामार्गाने मेरशीच्या चौकातून बांबोळीचा चढ. मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे, त्यामुळे आम्हाला जुन्या पुलांवरूनच जावे लागते, आणि तेथे ट्रक कोपराला घासून जातो की काय असे वाटत असताना कठड्यापलीकडे नदी दिसत असते. पायांना चढाचा त्रास होत होता, नाही असे नाही. माझे आणि सायकलचे मिळून ८० किलो वजन, ५० मीटर उंची, म्हणजे काम फार मोठे नव्हे. दुसऱ्या महिन्यात पाय सरावले. मन मात्र सरावले नाही. मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज ऐकून मान आखडून घेण्याची सवय मला त्या चार महिन्यांत लागली आणि ती सायकल सोडल्यावरही काही दिवस टिकली.

वाहनाचा वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. रायबंदरच्या वळणदार रस्त्यावर तीसच्या वेगाने येणारी मोटार आणि महामार्गावर साठने येणारी मोटार, यांतला हा फरक आहे. हेल्मेट मी वापरत होते आणि सर्वांनी वापरावे, पण त्याच्या भरवशावर महामार्गावर उतरू नये.

संध्याकाळची पाळी नऊ वाजता सुटत असे. तेव्हा अंधारात, एकटीने, त्या रस्त्याने परतणे ही गोष्ट पुरुष सल्लागारांच्या यादीत कधी नसते. एकदा दोघे जण स्कूटरवरून बराच वेळ माझ्या बरोबरीने चालले होते. काही केले नाही, फक्त बरोबरीने चालले. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळच्या पाळीला स्कूटर नेऊ लागले आणि आठवड्याभरात सकाळच्या पाळीलाही.

मला अनेकांनी इलेक्ट्रिक सायकल सुचवली. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असेल तर तिला नोंदणी लागत नाही, परवानाही लागत नाही, आणि चढावर घाम येत नाही हेही खरे. एका सहकाऱ्याची मी चालवून पाहिली. चढ सोपा झाला. ट्रक तेवढेच राहिले.

आपला रस्ता मी ओळखते. तेथे राहत असते तर कदाचित मीही अजून सायकल चालवत असते. पण डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे लक्षात घेऊन कार्यालयातून निघण्याची वेळ ठरवा, आणि मागचा लाल दिवा स्वस्तातला घेऊ नका. नोव्हेंबरच्या अखेरीस सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या नोव्हेना (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू झाल्या की आपल्याकडे पहाटेपासून चालणाऱ्यांची आणि गाड्यांची जी रीघ लागते, त्या दिवसांत काय करणार हेही ठरवून ठेवा.


चोडणकार:

थोडक्यात लिहितो. मी चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला उतरतो आणि तेथून पणजीला सायकलने जातो. मोटारवाले धक्क्यावर रांगेत उभे असतात आणि कधी कधी दोन फेऱ्या त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जातात. सायकल माणसांबरोबर कडेने चढते. माझ्यासाठी प्रश्न तेथेच संपतो. खाजनकाठच्या भाऊंनी एक सांगितले नाही, ते सांगतो: खाऱ्या हवेने साखळी फार लवकर गंजते. कोरड्या दिवसांत पंधरवड्याला आणि पावसात आठवड्यातून दोनदा तेल द्या, आणि तेल देण्याआधी फडक्याने जुने पुसून काढा, नाहीतर तांबडी माती त्यात मिसळून कानशीसारखी दाते खाते. दुसरे म्हणजे, रस्त्यात पंक्चर झाले तर दुकान साडेनवाच्या आधी उघडलेले मिळेल अशी आशा ठेवू नका. एक ट्यूब आणि छोटा पंप जवळ असू द्या.


जुनेगोवेकर:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे थांबून लिहीत आहे, कारण सल्ला मागून करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरे दिसले नसते.

मेव्हण्याची सायकल मागून आणली. पहिल्यांदा रविवारी सकाळी एकटाच जाऊन आलो: जाताना ३२ मिनिटे. बुधवारी कामाच्या वेळी तेच अंतर ३९ मिनिटांत झाले, कारण रायबंदरच्या बाजाराच्या भागात दोन बसगाड्यांच्या मागे अडकलो आणि सांगितल्याप्रमाणे मोह टाळला. त्या दिवशी मोटारीने आलेला माझा शेजारी माझ्यानंतर चार मिनिटांनी कार्यालयात शिरला. मी ते त्याला बोलून दाखवले नाही, पण घड्याळाकडे पाहिले खरे.

वाऱ्याचे म्हणणे तंतोतंत पटले. संध्याकाळी बांधावरून येताना पायांना विशेष काही करावे लागत नाही. घामाची युक्तीही लागू पडली; मी पहिल्या दिवशी घाईने शर्ट बदलला आणि दहा मिनिटांनी तोही भिजला, तेव्हा विश्वास बसला. आता मंगळवारी मोटार नेतो तेव्हाच आठवड्याचे इस्त्रीचे कपडे कार्यालयातील कपाटात ठेवून येतो.

जमाखर्च यांचा स्कूटरचा हिशेब वाचून सौभाग्यवती फार खूश झाल्या, कारण त्यांचे म्हणणे सुरुवातीपासून तेच होते. पस्तीस वर्षांचा आकडा घरात म्हणीसारखा झाला आहे. त्यामुळे सायकल पैशासाठी घेत आहे असे मी आता कोठेही म्हणत नाही. ती साखरेसाठी आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे आणि भाजी-पावाचा इशारा लक्षात ठेवला आहे.

चढण ताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या मुलीला मोठेपणी याच रस्त्याने सायकलने कॉलेजला जाता येईल का, हा विचार त्याआधी माझ्या मनात आला नव्हता. लाल दिवा चांगला घेतला आहे आणि साडेपाचला निघण्याची परवानगी साहेबांकडून मिळवली आहे, सकाळी अर्धा तास लवकर यायच्या अटीवर.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे मेअखेरपर्यंतचे ठरवले आहे. मेव्हण्याची सायकल परत करून स्वतःची घेतली, कॅरियरवाली, गिअर मोजकेच. मडगार्ड दुकानदाराने आताच लावून दिले. पाऊस अजून पाच महिने दूर आहे, तेव्हा ते आता कशाला, असे त्याने विचारले. जूनमध्ये ते लावायला मी दुकानात येईन याची मला खात्री नव्हती.